वजा दहा

आमच्या ऑफिसात दर दहा मिनिटांनी एक मनगटी घड्याळ ‘टुक’ करतं आणि त्या आवाजासरशी डॉ. गायधनी मान वर करून आमच्याकडे बघतात. प्रत्येकाकडे साधारण दोन सेकंद. मग मान खाली घालून एका छोट्या हिरव्या वहीत काहीतरी लिहितात. पुन्हा दहा मिनिटं आपलं काम, पुन्हा टुक. नवीन माणूस पहिल्या आठवड्यात घाबरतो, दुसऱ्या आठवड्यात चिडतो आणि तिसऱ्या आठवड्यात टुक ऐकू आलं की केस सारखे करायला लागतो. मी सहा वर्षं हे सोसते आहे. आता मी केसही सारखे करत नाही.

मी सुनंदा बोरस्ते, कार्यालय अधीक्षक. आमची संशोधन संस्था विंचूरच्या रस्त्याला आहे. शेतात आणि रानात जे काही उडतं, सरपटतं, कुरतडतं त्याचा इथे अभ्यास होतो. शास्त्रज्ञ अभ्यास करतात आणि मी त्यांच्या रजा, खुर्च्या आणि भांडणं सांभाळते. सकाळी नाशिकच्या द्वारका चौकातल्या गर्दीत उभं राहून ऑफिसची बस पकडायची आणि संध्याकाळी त्याच गर्दीत उतरायचं, याला अठ्ठावीस वर्षं झाली. निवृत्तीला दोन उरली आहेत. पूर्वी मी ती मोजायची, आता तेवढाही उत्साह नाही.

गायधनी आमचे व्यवस्थापक. दारावरच्या पाटीवर ‘व्यवस्थापक (विज्ञान)’ असं लिहिलं आहे. म्हणजे कुठला प्रकल्प चालू ठेवायचा, कुणाला माणूस द्यायचा, कुठलं केंद्र बंद करायचं, हे ठरवणारा माणूस. पण हे त्यांचं मूळ काम नव्हे. त्याआधी चौदा वर्षं ते पेठच्या डोंगरात सातभाईंच्या मागे हिंडत होते. सातभाई तुम्ही पाहिले असतील. मातकट रंगाचे, सात-आठच्या टोळीने अंगणात उतरणारे, पाचोळा उलटापालटा करत दिवसभर एकमेकांशी कचाकचा भांडणारे पक्षी. भांडतात, पण एकमेकांना सोडून राहत नाहीत. गायधनींनी त्यांच्या पायांत रंगीत कड्या घातल्या आणि कोण कुणाची मान खाजवतं, कोण कुणाच्या पिल्लाला भरवतं, हे चौदा वर्षं लिहून काढलं. आणि मग एके दिवशी ते सगळं सोडून शहरात आले आणि आमच्या डोक्यावर बसले.

“इतकी वर्षं भांडकुदळ टोळीत काढलीत, हे ऑफिस तुम्हाला काय जड आहे?” असं म्हणून संचालकांनी त्यांना खुर्ची दिली होती. ऑफिसात मात्र एकच बोलणं होतं, की साहेबांना ऊन-पाऊस नको झाला, पंखा आणि खुर्ची गोड लागली. हे बोलणाऱ्यांत मी पुढे होते.

त्यांची दोन वाक्यं आता आमच्या शिपायालाही पाठ आहेत. “नोंद घेतो” आणि “अर्थ नंतर काढू”. एकदा दुपारी जेवणानंतर माझा डोळा लागला. जाग आली तेव्हा ते समोर उभे, वही उघडी. मी घाबरून सावरून बसले. त्यांनी शांतपणे मला नोंद वाचून दाखवली, “दोन वाजून दहा मिनिटं. बोरस्ते. विश्रांती. उजवा पाय लांब केलेला.” मी म्हटलं, “सर, सॉरी, रात्री झोप झाली नव्हती.” ते म्हणाले, “हा अर्थ झाला. अर्थ नंतर.” दोन महिन्यांनी माझ्या टेबलाखाली एक लाकडी पाट आला, पाय ठेवायला. कुणी मागवला विचारलं तर म्हणाले, उजवा पाय एकूण इतक्या वेळा लांब केलेला दिसला, त्यावरून गुडघा असावा. गुडघाच होता. पण एखाद्या बाईला ‘गुडघा दुखतो का’ असं सरळ विचारायला दोन महिने लागू नयेत, असं माझं मत आहे.

मीटिंगांचंही तेच. सातभाईंची टोळी जमिनीवर खात असते तेव्हा एकजण उंच फांदीवर बसून पहारा देतो, म्हणून बाकीच्यांना निर्धास्त खाता येतं. गायधनींनी हे जसंच्या तसं आमच्याकडे आणलं. प्रत्येक मीटिंगमध्ये एकाने बसायचं नाही, खिडकीपाशी उभं राहायचं आणि फोन, पाहुणे, संचालकांची गाडी, सगळ्यांवर लक्ष ठेवायचं. पाळीपाळीने सगळ्यांना पहारा. पाय दुखायला लागले की पहारेकरीच म्हणायला लागला, “आटपा ना आता.” दोन तासांची मीटिंग चाळीस मिनिटांवर आली. म्हणजे माणूस वेडा होता, पण त्याच्या वेडाने कामं होत होती, त्यामुळे तक्रार तरी कुणाकडे करणार?

आणि भांडणात मध्ये पडायचं नाही, हा त्यांचा सगळ्यात मोठा नियम. निरीक्षकाने हात घालायचा नाही. एकदा फ्रीजमध्ये कुणाच्या बाटल्या ठेवायच्या यावरून दोन शास्त्रज्ञ हमरीतुमरीवर आले. मी धावत गायधनींकडे गेले. ते दारात येऊन उभे राहिले आणि लिहायला लागले. दुसऱ्या दिवशी दोघांच्या टेबलावर एकेक टाइप केलेला कागद. ‘११.२०, आवाज चढलेला. ११.३०, तेच वाक्य तिसऱ्यांदा. ११.४०, दोघांनाही घाम.’ खाली सही, तारीख. दोघंही आठवडाभर कुणाच्या नजरेला नजर देत नव्हते. फ्रीज मात्र शेवटी मलाच आवरावा लागला.

तर अशा माणसावर या वर्षी एक केंद्र बंद करायची वेळ आली. आमची बाहेरगावी पाच छोटी केंद्रं आहेत. वरून हुकूम आला, की पाचातलं एक कमी करा, आणि कुठलं ते कारणांसह कळवा. गायधनींनी पन्नास गुणांचा तक्ता केला. कामाचं सातत्य, माणसं, इमारत, रस्ता, उपयोग, असे रकाने. आठ दिवस बसून गुण दिले आणि टाइप करायला माझ्याकडे पाठवले.

पाचातलं एक केंद्र पेठच्या पुढचं, त्यांचं स्वतःचं. दोन खोल्या आणि एक माणूस, हिरामण भोये. हिरामण तिथलाच, सरांनीच त्याला तयार केलेला. तो अजूनही रोज सातभाई मोजतो. त्याची नेमणूक केंद्रापुरती, केंद्र गेलं की तोही गेला. मी तक्ता बघितला. पेठला अडतीस गुण होते, चांगला तिसरा नंबर. पण त्याच्यापुढे पेनाने लिहिलं होतं, ‘वजा दहा’. बाकी अठ्ठावीस. सगळ्यात खाली.

मी कागद घेऊन त्यांच्या खोलीत गेले.

“सर, हे दहा कसले कापले?”

“माझे.”

“म्हणजे?”

“मी तिथे चौदा वर्षं होतो, बोरस्तेबाई. माझ्याकडून त्या केंद्राला नकळत जास्त गुण गेले असणार. ते वजा केले.”

“गेले असणार, का गेलेत?”

“ते मला तपासता येत नाही. म्हणूनच वजा करायचे.”

“आणि दहाच का?”

त्यांनी चष्मा काढून पुसला. “कमी धरले तर मीच मला सूट दिल्यासारखं होईल.”

मी कागद उचलून बाहेर आले. माझं डोकं तापलं होतं. कारण पेठच्या लगेच वरचा नंबर ज्या केंद्राला मिळाला होता, त्याला दोन वर्षं कुलूप आहे. तिथे माणूस नाही, काम नाही. पण रस्ता चांगला, छप्पर शाबूत आणि तक्रार एकही नाही, म्हणून एकतीस गुण. कुलपाला एकतीस आणि हिरामणला अठ्ठावीस! का, तर साहेबांचा त्याच्यावर जीव आहे. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत मी वशिल्याने पुढे गेलेली माणसं ढिगाने पाहिली. प्रेमापोटी खाली ढकललेला माणूस पहिल्यांदाच पाहत होते.

यादी पाठवण्याआधी पाचही केंद्रांचा साठा प्रत्यक्ष तपासायचा असतो, ते काम माझं. पेठला तुम्हीही चला, असं मी सरांना म्हटलं. ते म्हणाले, “नको. मी गेलो की वजा पंधरा करावे लागतील.” मग ऑफिसच्या जीपमधून मी एकटीच गेले. वळणावळणाचा रस्ता, माझा गुडघा आणि सीटची स्प्रिंग, यांचं तासभर काय चाललं होतं ते सांगत नाही.

हिरामण पाड्याच्या वाटेवरच उभा होता. पन्नाशीचा, बारीक अंगाचा, गळ्यात दुर्बीण. जीपमध्ये मागे कुणी आहे का ते त्याने वाकून पाहिलं.

“सर नाय आले?”

“कामात आहेत.”

“तब्येत बरी हाय ना? काल आवाज बसल्यागत वाटला.”

“काल? काल कुठे भेटले तुम्हाला?”

“फोन येतो ना सकाळी. साडेसहाला. रोजचा हाय.” मला हे नवीन होतं. माझा चेहरा बघून त्याने खुलासा केला, “पक्षी किती दिसले ते इचारतात. मी सांगतो. मग ठेवतात.”

सहा वर्षं, रोज. मी साठा तपासला. दोन दुर्बिणी, एक पेटी, एक कंदील, चार खुर्च्या, त्यातली एक मोडकी. मग रजिस्टरं. हिरामणचं अक्षर मुलींसारखं गोल आणि स्वच्छ. तारीख, वेळ, ठिकाण, संख्या, शेरा, असे छापील रकाने होते. शेवटी पेन्सिलीने आखलेला आणखी एक रकाना होता. त्याचं नाव होतं, ‘सर’.

मी वाचायला लागले. ‘सर: खोकला.’ ‘सर: काल रात्री जेवले नाहीत. विचारलं तर विषय बदलला.’ ‘सर: आज हसले.’ ‘सर: आज रविवार हे ठाऊक नव्हतं.’ पानामागून पानं, एक दिवस सुटलेला नाही.

“हे काय आहे, हिरामण?”

तो जरा लाजला. “सरांनीच शिकवलं ना. जे दिसंल, जे ऐकू येईल ते लिवायचं, अर्थ नंतर काढायचा. आता सरांचा आवाज रोज ऐकू येतो, तर लिवायला नको?”

त्याने चहा केला. चहा पिता पिता सरांच्या बाईंचा, म्हणजे त्यांच्या पत्नीचा, विषय निघाला. त्या तीन वर्षांपूर्वी गेल्या एवढं मला माहीत होतं, ऑफिसातून आम्ही भेटायलाही गेलो होतो. “बाईंचं आठवड्यातून तीनदा रक्त साफ कराया लागायचं नाशकाला,” हिरामण म्हणाला. “इथं राहून कसं जमंल? म्हणून सरांनी पक्षी सोडले. जायच्या दिशी या ओट्यावर बसून लय रडले.” मी कप खाली ठेवला. पंखा आणि खुर्ची गोड लागली असं मी ज्या ज्या टेबलावर बोलले होते ती सगळी टेबलं मला आठवली. मला स्वतःची लाज वाटली.

निघताना त्याने विचारलं, “बंद करणार म्हंत्यात, खरं हाय का बाई?”

“अजून यादी गेली नाही,” मी म्हटलं. 

“तसं झालं तर बिऱ्हाड उचलून द्राक्षाच्या कामाला जाऊ खाली, समदी जातात तसं. अठरा वर्षं मी गेलो नाय.” मग गळ्यातली दुर्बीण पुसत तो म्हणाला, “पन सरांना सकाळी फोनवर कोन सांगंल?”

सहा वर्षांची सहाही रजिस्टरं मी साठा-तपासणीच्या नावाखाली जीपमध्ये टाकली. नियमात ते बसत नव्हतं. पण नियमांची माझ्याकडून इतक्या वर्षांत पुरेशी सेवा घडली आहे.

दुसऱ्या दिवशी पाचपर्यंत यादी संचालकांकडे जायची होती. दुपारी तीनला मी रजिस्टरं सरांच्या टेबलावर ठेवली.

“रजिस्टर केंद्राबाहेर आणायचं नसतं, बोरस्तेबाई.”

“माझी नोंद घ्या. आधी शेवटचा रकाना वाचा.”

त्यांनी वाचायला सुरुवात केली. मी समोर बसून राहिले. त्यांच्या मनगटावरचं घड्याळ टुक वाजलं आणि त्यांनी मान वर केली नाही. बाहेर पवार क्लार्क केस सारखे करून ताटकळला. दुसऱ्यांदा टुक झालं, तेव्हाही ते वाचतच होते. मग एकदम रजिस्टर मिटून म्हणाले, “आता तर वीस वजा करायला हवेत.”

मला हसावं का रडावं कळेना. “सर, तुम्हाला गुण देता येत नसतील तर देऊ नका. मी देते.”

“तुम्हीही हे वाचलंय. तुम्हीही आता कामातून गेलात.”

“मग सगळ्या संस्थेत असा एक माणूस शोधून आणा, ज्याला कुणाबद्दलच काही वाटत नाही. सापडला तर त्याच्याकडून गुण घ्या आणि त्यालाच इथे बसवा!” मी साहेबांशी आयुष्यात कधी अशी बोलले नव्हते. थकल्यावर माणूस फार खरं बोलतो की काय कोण जाणे.

 तीन वर्षांपूर्वीचं रजिस्टर त्यांनी ओढलं, बहुधा माझ्याकडे बघायला नको म्हणून. पानं उलटता उलटता त्यांचा हात थांबला. बराच वेळ ते एकाच पानाकडे बघत होते. मग रजिस्टर माझ्याकडे वळवून त्यांनी ओळीवर बोट ठेवलं.

‘सर: आज फोन दुपारी. बाई गेल्या. पक्षी किती ते विचारलं. नऊ सांगितले. खरे सात.’

त्याच्या खालच्या ओळीत, दुसऱ्या दिवशीचं, ‘नऊ सांगितले. खरे सात.’ त्याच्या खाली पुन्हा तेच. मी बोट लावून मोजलं. तेरा दिवस. मग, ‘सरांकडचं तेरावं काल झालं. आज सात सांगितले. ठीक म्हणाले.’

“ते दोन पक्षी आधीच गेले होते,” गायधनी हळूच म्हणाले. “शिकरा पक्ष्याने नेले असतील. हिरामणने मला तेरा दिवस सांगितलं नाही.”

मी ते पान पुन्हा वाचलं.

“मी त्या दोघांवर टिपण लिहिलं, बोरस्तेबाई. एका मासिकात छापून आलं. दोन पक्षी एकाच दिवशी गट सोडून जातात, याला काही अर्थ असावा, म्हणून मी तीन पानांची उपपत्ती मांडली.” आणि ते हसायला लागले. सहा वर्षांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. हसता हसता त्यांनी चष्मा काढला आणि पुसायला रुमाल सापडेना, म्हणून मी माझा दिला.

मग त्यांनी तक्ता पुढे ओढला आणि ‘वजा दहा’वर पेनाने आडवी रेघ मारली. कोरा तक्ता माझ्यापुढे सरकवून म्हणाले, “गुण तुम्ही द्या. मी बघत नाही.” आणि खरंच खिडकीकडे तोंड करून बसले.

मी पाचही केंद्रांना गुण दिले. पेठला सदतीस. छप्पर गळतं, त्याचा एक कापला. त्यांनी आकडा पाहिला, स्वतःच्या अडतीसशी ताडून पाहिला आणि म्हणाले, “म्हणजे माझा पक्षपात एका गुणाचा निघाला.” आवाजात थोडी निराशाच होती. पावणेपाचला यादी गेली. कुलूपवालं केंद्र बंद झालं. ते आधीच बंद होतं, त्यामुळे कुणाच्या पोटावर पाय आला नाही.

मी रजिस्टरं आवरायला लागले तेव्हा ते म्हणाले, “ते टिपण मागे घ्यावं लागेल. उद्या पत्र टाइप करा.”

“कारण काय लिहू?”

“तेरा दिवसांची नोंद चुकीची होती. चूक माझी, असं लिहा. हिरामणचं नाव कुठे येता कामा नये.”

मग त्यांनी खणातून तीन वर्षांपूर्वीची हिरवी वही काढली. त्यांना पान शोधावं लागलं नाही. त्या तारखेखाली सगळ्या पानावर एकच ओळ होती, ‘गट: नऊ.’ माझ्या हातात सवयीने लाल पेन आलं. आमच्या कामात चुकीचा आकडा दिसला की खाडाखोड करून बाजूला सही घ्यायची असते. मी पेन त्यांच्यापुढे धरलं.

त्यांनी वही मिटली आणि तिच्यावर हात ठेवला.

“ही नको. हिच्यात नऊच राहू द्या,” ते म्हणाले. “मी स्मशानातून घरी आलो होतो, बोरस्तेबाई. घरात कुणी नव्हतं. तिकडे तरी सगळे आहेत ना, एवढंच मला त्याला विचारायचं होतं.”